रविवारचं पुस्तक

रविवारची मासळी विकून झाली की बकुळा घरी यायची, पाटी धुऊन उन्हात पालथी घालायची आणि मग चिंचेच्या कोळानं कोपरापर्यंत हात चोळचोळून धुवायची. बांगड्याचा वास सहजी जात नाही. पण पुस्तकाला हात लावायचा तर तो जायलाच हवा, असं तिनं मनाशी ठरवलेलं होतं. लुगडं बदलून, गेल्या रविवारी आणलेलं पुस्तक पदराखाली धरून ती मांडवीच्या खारवीवाड्यातून वरच्या आळीला निघायची. तिथं गंगुबाईंचं घर होतं.

गंगुबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. बकुळाची राही चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकली. राहीनं शाळा सोडली तरी गंगुबाई तिला दर रविवारी एक पुस्तक द्यायच्या. गेल्या वैशाखात राहीचं लग्न झालं, ती गुहागरला सासरी गेली. पण पुस्तकं काही बंद झाली नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी बकुळा जुनं पुस्तक परत करायला गेली, तेव्हा गंगुबाईंनी सवयीनं दुसरं पुढं केलं आणि बकुळानं सवयीनंच ते घेतलं.

"आता कोण वाचून दाखवणार गं तुला?" गंगुबाईंनी विचारलं होतं.

"शेजारची हौसा वाचते की," बकुळा म्हणून गेली.

शेजारच्या हौसाला अक्षरओळख नव्हती, आणि बकुळालाही नव्हती. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. तेव्हापासून अख्खा पावसाळा दर रविवारी एक पुस्तक खाली यायचं, आठवडाभर फळीवर बसायचं आणि न उघडताच वर जायचं.

दसरा होऊन गेल्यावरच्या त्या रविवारी ती गेली तेव्हा गंगुबाई ओटीवरच बसल्या होत्या. आतल्या खोलीतून त्यांच्या सासऱ्यांचा खोकला ऐकू येत होता. त्या घरात दोघंच. गंगुबाईंचे यजमान कराचीला नोकरीला होते. ते कधी गेले ते बकुळाला ठाऊक नव्हतं. त्यांना पाहिलंय असं माणूस आळीत शोधून काढावं लागे.

"कसं होतं हे?" पुस्तक घेत गंगुबाईंनी विचारलं.

"बेस होतं बाई."

"आणि शेवट?"

"शेवटी जरा डोळ्यांत पाणी आलं," बकुळा म्हणाली. एवढ्या महिन्यांत हे उत्तर एकदाही चुकलं नव्हतं.

गंगुबाई उठून आत गेल्या. एरवी त्यांनी शाळेच्या कपाटातलं पुस्तक दारामागच्या कोनाड्यात काढून ठेवलेलं असे. आज पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात खाकी कागदाचं वेष्टण घातलेलं एक जाड पुस्तक होतं.

"हे शाळेतलं नव्हे. माझं आहे," त्या म्हणाल्या आणि पुस्तक देता देता क्षणभर तसंच धरून राहिल्या. "वाचून झालं की मला एक सांग बकुळा. त्यातल्या बाईनं शेवटी जे केलं ते तुला पटतं का."

"मला विचारता? मी काय सांगणार बाई?"

"शाळेत कुणाला विचारण्यासारखं नाही ते. तुझं मत हवंय मला."

बकुळा पुस्तक घेऊन उतारावरून खाली आली, पण नेहमीसारखं हलकं वाटेना. आजवर तिच्याकडं लोकांनी सुरमई मागितली, कोळंबी मागितली, दोन बांगडे वर मागितले. मत कुणी मागितलं नव्हतं.

घर दोन खणांचं. भागोजी, तिचा नवरा, तापानं गेला तेव्हा राही नुकती परकर नेसायला लागली होती. त्यानंतर मायलेकी दोघीच. दिवसभर बकुळा पाटी घेऊन गावभर हिंडायची आणि तिन्हीसांजेला चूल झाली की कंदील मध्ये घेऊन दोघी बसायच्या. राही वाचायची, बकुळा गोधडी शिवायची. बकुळाला गोधडीचा भारी नाद. जुन्या लुगड्यांचे तुकडे जुळवून तिनं शिवलेल्या गोधड्या वाड्यातल्या निम्म्या बाळंतिणींना गेल्या होत्या. गोष्ट रंगली की टाके बारीक पडत, एका ओळीत पडत. गोष्टीत काही वाईट व्हायचं असलं की राही अगोदरच गप्प व्हायची. ओठ मिटून, पान उलटायच्या आधी आईकडं बघायची आणि म्हणायची, "सांग आये, आता काय होईल?" बकुळा सांगायची आणि ते हमखास चुकायचं. मग राही इतकी हसायची की कंदिलाची ज्योत हलायची.

एका पावसाळ्यात राहीनं आईला शिकवायचा घाट घातला होता. दगडी पाटीवर 'ब' काढून झाला, 'कु' पर्यंत गाडी आली, आणि बकुळानं पेन्सिल खाली ठेवली. "तू हायस ना वाचायला," ती म्हणाली होती. पोरगी जन्मभर जवळ राहणार असल्यासारखी.

सोमवारी संध्याकाळी तिनं गोधडी काढली. दोन ओळी घातल्या आणि उजेडात धरून पाहिलं तर टाके वाकडेतिकडे, लांबच लांब. तिनं ते उसवले. खाकी वेष्टणातलं पुस्तक समोर पाटावर ठेवलं होतं. ते तिनं उघडलं, बोट ठेवून कुठं 'ब' सापडतो का पाहिलं. बरेच सापडले. पण एकटा 'ब' कुणालाच काही सांगत नाही. तिनं पुस्तक मिटलं. हौसाच्या घरातून नवराबायकोच्या बोलण्याचा आवाज येत होता. भांडण होतं की मस्करी ते कळत नव्हतं. बकुळा बराच वेळ कान देऊन बसली, आणि आपण काय ऐकतोय हे ध्यानात आल्यावर लाजून उठली.

दसऱ्याला राही यायची होती. सासरहून निरोप आला की आता नको, दिवाळसणाला जावयासकट पाठवू. त्यात वावगं काही नव्हतं. पण तिच्यासाठी घेतलेला खण तसाच घडीत पडून होता.

बुधवारी धक्क्यावर रघू भेटला. रघू भागोजीचा पुतण्या, तांडेल म्हणून एक शिडाचा मचवा हाकायचा.

"काकी, उद्या पहाटे गुहागरास जातंय. नारळ भरून परवा परत. येतेस काय राहीकडं?"

बकुळानं आढेवेढे घेतले नाहीत. दोन दिवसांचा धंदा बुडेल, बुडू दे, म्हणाली. घरी येऊन तिनं भाकऱ्या भाजल्या, सुक्या जवळ्याची चटणी केली, खण काढला. शेवटी पुस्तक पंच्यात गुंडाळून बोचक्यात घातलं. राही एका दुपारात शेवट वाचून दाखवील. बाईंना उत्तर देता येईल. आपण त्यासाठीच चाललोय, असं ती वाटभर स्वतःला सांगत राहिली.

पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर मचवा निघाला तो दुपार कलायच्या बेताला गुहागरच्या किनाऱ्यासमोर आला. होडीतून उतरून, गुडघाभर पाण्यातून वाळूवर येऊन, बकुळा माडांमधून आत चालू लागली. पाऊस सरला तरी वाडीतली जमीन ओली होती आणि पोफळींच्या सावलीत अंगाला गारवा लागत होता. राहीचं घर तिला लग्नात पाहिलेलं आठवत होतं, पण विचारत विचारतच जावं लागलं.

घर दिसायच्या आधी तिला आवाज ऐकू आला.

ती कुंपणाशीच थांबली. ओटीवर राहीची सासू धोंडूबाई आणि राहीच्या दोन्ही जावा सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. कुणा वाडीवाल्याचं काम घरी आणलेलं असावं. मधोमध राही. मांडीवर पुस्तक, डोक्यावरून पदर. ती वाचत होती. आवाज तोच, जरा दबलेला, सासरचा. वाचता वाचता ती थांबली. ओठ मिटले. सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली,

"सांगा बघू, आता काय होईल?"

"मरतोय तो! माझं ऐक तू, मरतोयच!" धोंडूबाई हातातली सुपारी नाचवत म्हणाली.

राहीनं पान उलटलं. तो मेला नाही. ओटीवर हशा पिकला.

बकुळा कुंपणाबाहेर उभी होती. पोरगी सुखात आहे, हे तिच्या डोळ्यांना दिसत होतं. यासाठीच तर तिनं मांडवीच्या देवीला नारळ बोलला होता. आणि तरी तिचं पाऊल आत पडेना. आपलं काही कुणी नेलं नाही, हे कळत होतं. मग हे काय?

जरा वेळानं ती खाकरली.

"आये!" राहीच्या मांडीवरचं पुस्तक खाली पडलं. ती धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. मग सगळ्या बघताहेत हे आठवून सरळ उभी राहिली.

"या विहीणबाई, या!" धोंडूबाईनं पाट मांडला. बाई मोठ्या मनाची होती. "तुमच्या लेकीनं याड लावलंय आमाला. तिनं वाचल्याबिगर हात चालत नाय आता. अगो, गूळ-पाणी आण."

"नको विहीणबाई," बकुळा हात जोडून म्हणाली. "नातवंड मांडीवर येऊ दे, मग जेवायलाच बसेन. तवर तुमच्याकडचं पाणी नको."

रीतच ती, धोंडूबाईनं आग्रह केला नाही. गप्पा झाल्या. खण दिला, तो सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. मग जावई शिवा आणि घरातले पुरुष किनाऱ्यावरून आले, चुलीवर मोठा टोप चढला, आणि राही आत-बाहेर करू लागली. बकुळा ओटीवर परकी पाहुणी होऊन बसून राहिली. शेवटी राही कळशी घेऊन विहिरीकडं निघाली तेव्हा ती बोचकं घेऊन मागोमाग गेली.

"हे जरा वाच ना गो." तिनं पंचा सोडला. "शेवटचं तेवढं. त्या बाईनं काय केलं ते मला बाईंना सांगायचंय."

"कुणी, गंगुबाईंनी दिलंय?" राहीनं ओले हात पदराला पुसले. "आणि एवढे दिवस तुला कोण वाचून दाखवतंय?"

"हौसा."

"हौसाला कुठं येतंय वाचायला?"

बकुळा सोडलेल्या पंच्याची घडी घालू लागली. राही आईकडं बघत राहिली. मग तिनं मुकाट्यानं पुस्तक घेतलं, मागची पानं उघडली आणि उभ्या उभ्या वाचू लागली. दोन ओळी झाल्या. कोण बाई, कुणाची, काय झालं, काहीच कळेना. तिसरी ओळ सुरू झाली आणि घरातून हाक आली, "राही, भाकऱ्या करपतात गो!"

"आले!" राही ओरडली. तिनं पुस्तक मिटलं. "आये, असं नाय होत. पयल्यापासून वाचायला हवं. ठेवून जा, दिवाळीला येईन तेव्हा—"

"बाईंचं हाय. त्यांचं स्वतःचं. ठेवता नाय येणार."

"मी इथं वाचून दाखवते म्हणून तुला वाईट वाटलं का?" राहीनं एकदम विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "त्यांनीच सांगितलं, वाच म्हणून. मला वाटलं होतं, इथं पुस्तकाला हात लावू देतील का नाय..."

"खुळी का काय? वाईट कशाला वाटेल?" बकुळानं तिची कळशी भरून तिच्या कमरेवर ठेवली. "बरं झालं. लय बरं झालं."

ते खरं होतं. आणि तेवढंच खरं होतं असं मात्र नाही.

रघूच्या मचव्यात माल भरायला वेळ होता. बकुळा किनाऱ्यावर येऊन उंडीच्या झाडाखाली बसली आणि तिनं आपली भाकरी सोडली. शेजारच्या खोपटातल्या म्हातारीकडून पाणी मागून घेतलं. लेकीच्या घरी राहायचीही रीत नव्हती, तेव्हा रात्र त्याच खोपटाच्या पडवीत काढायची होती. वाडीतून चुलींचा धूर वर येत होता. त्यातला राहीच्या चुलीचा कुठला ते इथून कळत नव्हतं.

परतीच्या वाटेवर वारा पडला आणि मचवा रेंगाळला. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी बकुळाचं अंग कसकसत होतं, तरी पाटी घेऊन ती फिरली. दारोदार 'बांगडे घ्या' म्हणताना डोक्यात एकच चाललं होतं. पटलं म्हणावं की नाही पटलं म्हणावं? दोन्हींतलं एक काहीतरी बरोबर ठरेलच. शेवटी तिनं 'पटलं' ठरवलं. पटलं म्हटलं की माणसं पुढं विचारत नाहीत.

रविवारी ती वर गेली तेव्हा गंगुबाई अंगणाच्या फाटकापर्यंत, बेड्यापर्यंत येऊन उभ्या होत्या. वाट बघत असाव्यात.

"वाचलंस?"

"व्हय बाई."

"मग?"

"पटलं," बकुळा म्हणाली.

गंगुबाईंच्या चेहऱ्यावरची शीरन्‌शीर सैल झाली. त्यांनी बकुळाचा दंड धरला. असं त्या कधी करत नसत. "खरंच पटलं? तुला नाही वाटलं ती फार कठोर वागली? लोक काय म्हणतील याचा विचार तिनं करायला हवा होता, असं नाही वाटलं?"

बकुळानं तो चेहरा पाहिला. मासे विकताना ती हजार वेळा खोटं बोलली असेल; कालचा बांगडा आजचा म्हणून सांगितला असेल. पण हे तिला जमेना.

"बाई, मी वाचलंच नाय," ती म्हणाली. "हौसाला वाचता येत नाय. राही गेल्यापासून एकबी पुस्तक कुणी उघडलेलं नाय आमच्या घरात."

गंगुबाईंनी हात काढून घेतला.

"मग नेत कशाला होतीस?"

"काय सांगू?" बकुळा जमिनीकडं बघत म्हणाली. "पुस्तक घरात असलं की वाटतं, राही आता हात धुऊन येईल नि बसेल. फळी रिकामी दिसली की तसं वाटत नाय."

आपल्याला आता पुन्हा या ओटीवर यायला तोंड नाही, असं वाटून बकुळा वळणार, तोच गंगुबाई म्हणाल्या, "बस. मी वाचते."

त्या वर्गात वाचत असतील तशाच वाचू लागल्या. शब्दन्‌शब्द स्वच्छ, कुठं अडणं नाही, थांबणंही नाही. बकुळाला दम लागल्यासारखं झालं.

"बाई, जरा हळू. मी मागं राहते."

गंगुबाईंनी चमकून पाहिलं. मग कथेचा आधीचा भाग त्यांनी तोंडीच थोडक्यात सांगितला आणि शेवटचं प्रकरण हळू वाचायला घेतलं. नवरा परमुलखात गेलेली ती बाई. वर्षांमागून वर्षं गेली. मग एका संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहतो, हाक मारतो. ती आतून आवाज ओळखते. कडीवर हात ठेवते. आणि कडी काढत नाही.

ते शेवटचं वाक्य वाचताना गंगुबाईंचा वर्गातला आवाज कुठल्या कुठं गेला. त्यांनी पुस्तक मिटलं आणि खाकी कागदावरून हात फिरवत राहिल्या.

"आता सांग."

बकुळा विचार करत बसली. घाईनं सांगण्यासारखं नव्हतं ते.

"दार उघडावं का नाय ते मला नाय समजत, बाई," ती अखेर म्हणाली. "पण एवढी वर्षं ती बाई रोज संध्याकाळी काय करत होती? कुणाशी बोलत होती? एकटीपुरता भात टाकताना तिला कंटाळा येत नव्हता? ते यात कुठं लिवलंय?"

"ते नाही लिहिलेलं," गंगुबाई म्हणाल्या. "वर्षं गेली, एवढंच आहे."

"मग त्याला तरी काय कळणार, ती दार का उघडत नाय ते?"

गंगुबाई एकाएकी हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आतून सासरे खोकले. त्यांना ऐकू कमी येत असे, तरी गंगुबाईंनी आवाज खाली घेतला.

"निरोप आलाय. कराची सोडून येतायत. कार्तिकात, आगबोटीनं."

बकुळाला कळलं. एवढे दिवस न कळलेलं सगळंच एकदम कळलं.

"तुमी काय करणार बाई?"

"मी?" गंगुबाईंनी आतल्या दाराकडं पाहिलं. "मामंजी आहेत ना घरात. त्यांचा मुलगा आहे तो. ते उघडतील दार."

बकुळानं नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चिंचेनं धुतलेला, तरी जरासा बांगड्याचा वास येणारा हात. गंगुबाईंनी तो झटकला नाही. ऊन ओटीवरून खाली अंगणात उतरलं, तिथून बेड्याकडं सरकलं.

"पहिल्यापासून वाचू?" काही वेळानं त्यांनी विचारलं. "तुला सगळी गोष्ट कळेल तरी."

"वाचा. पण अशाच हळू."

त्यांनी पहिलं पान काढलं. त्यांचं वाचणं राहीसारखं नव्हतं आणि तसं ते कधी होणारही नव्हतं, हे बकुळाला दोन पानांतच उमगलं. मध्येच तिचं मन गुहागरच्या त्या ओटीवर गेलं, तिथं आता दिवे लागत असतील. तिनं ते ओढून परत आणलं. समोर एक बाई वाचत होती आणि ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा बकुळा उठली. गंगुबाई बेड्यापर्यंत सोबत आल्या आणि ती वळणावर दिसेनाशी होईतो तिथंच उभ्या राहिल्या. उतारावर वारा खारा लागत होता. खाली खाडीत होड्या परतत होत्या, कुणीतरी कुणाला तरी नाव घेऊन हाका मारत होतं. घरी येऊन तिनं चूल पेटवली, मूठभर तांदूळ धुतले, आणि ते शिजेपर्यंत पाटीची तुटलेली कड दोरीनं बांधत बसली. पहाटे धक्क्यावर बांगडा उतरणार होता, लवकर उठायला हवं होतं.